डावीकडची सीट

ड्रायव्हिंग शाळेचं काय करायचं ते डोंगरावरून परत आल्यावर ठरवू, असं फोनवर सगळ्यांचं ठरलं होतं. आईने तो करार निघायच्या आधीच मोडला.

सामान डिकीत भरून झालं होतं. थोरला बुटाच्या टोकाने मागची चाकं दाबून बघत होता. आई खांद्याला पर्स अडकवून जिना उतरली, गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि दार उघडून स्टेअरिंगमागे बसली. सीटखालची दांडी ओढून तिने सीट पुढे घेतली. खट, खट, खट. मास्तर, म्हणजे मुलांचे बाबा, उंच होते, आणि थोरलाही त्यांच्याच उंचीचा. त्यामुळे मास्तर गेल्यावरही घरच्यांच्या फेरीला ही सीट मागेच राहायची. मागे बसलेल्या धाकटीच्या गुडघ्यांपुढे एकदम जागा मोकळी झाली. तिला ती नकोशी वाटली.

"आई, काय करतेयस?" थोरल्याने खिडकीशी येऊन विचारलं.

"आरसा लावतेय."

"ते दिसतंय. पण का?"

"मागचं दिसावं म्हणून. आपल्याच शाळेत शिकवतात."

धाकटीच्या शेजारी आत्या बसली होती. मास्तरांची थोरली बहीण. ती पुढे वाकली. "अगं, घाट आहे तो. भाजी आणायला निघालेली नाहीस तू."

"माहितीय, वन्सं."

"मग?"

आई मागे वळली नाही. आरशातूनच सगळ्यांकडे बघत बोलली. "आता ऐका. ही गाडी मी वर नेणार. नेली, तर शाळा बंद करायची नाही. ती मी चालवीन, शिकवीनही मीच. वाटेत एकदा जरी चाक कोणाच्या हातात द्यावं लागलं, तर परत आल्यावर तुम्ही म्हणाल तसं. मग मी एक शब्द बोलणार नाही."

"पैज लावतेस होय?"

"पैज नाही रे. सांगतेय."

थोरल्याने सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं इकडेतिकडे पाहिलं. त्याची बायको डिकी बंद करून आली होती. तिने ओढणीचं टोक दारात अडकू नये म्हणून सावरलं आणि आत्याच्या पलीकडे जाऊन बसली. तिच्याकडून मदत नाही हे त्याला कळलं. मग त्याने बहिणीकडे पाहिलं.

फोनवर धाकटीच पहिली म्हणाली होती, दादा, तुझं बरोबर आहे, बंद करू या. तेव्हा ती तिच्या कामाच्या जागी, छपाईच्या यंत्राशेजारी उभी होती, आणि त्या खडखडाटात तिला जे सोपं वाटलं ते ती बोलली. आता आई समोर होती. आईची मान मागून फार बारीक दिसत होती.

"आई, ऑफिसात टेबलाशी बसून शाळा सांभाळणं वेगळं," धाकटी म्हणाली. "तू घाटात कधीच चालवलेली नाहीस. बाबांनीसुद्धा तुला दिली नाही."

"मागितली कधी होती मी? परवाना आहे माझ्याकडे." आईने पट्टा लावला. "दादा, तू डावीकडे बस. घाटात मी शिकाऊच. शेजारी कोणीतरी हवं, मास्तरांचा नियम आहे."

डावीकडे म्हणजे शिकवणाऱ्याच्या जागी. या घरात दुसरी गाडी कधी आलीच नाही. शाळेची तीच घरची. तिला डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता, आणि त्या दोन पेडलांवर सारं गाव गाडी शिकलं होतं. डॉक्टर, पोस्टातल्या बाई, बँकेचा पहारेकरी. म्हणून मास्तर सगळ्यांचेच मास्तर. बायकोसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. दरवर्षी परीक्षांची गर्दी सरली की शाळेला कुलूप लावून ते सगळ्यांना डोंगरावर न्यायचे. त्यांच्याशिवाय निघायची ही पहिली वेळ.

थोरला डावीकडे बसला. गाडीने फाटक ओलांडलं. टपावरची "शिकाऊ चालक" ही पाटी काढायची राहिलीय हे धाकटीच्या लक्षात आलं, पण ती गप्प राहिली.

*

सपाटीवर आईने गाडी इतकी संथ आणि सरळ नेली की आत्याला बोलायला काही मिळेना. मग ती जुनं बोलायला लागली.

"मला शिकवायला घेतलं होतं त्याने एकदा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, ताई, तू चालतच जात जा. तूही जास्त जगशील, मीही."

सगळे हसले.

डोंगराच्या पायथ्याशी पेट्रोलपंप होता. आईने तिथे थांबून चहाचा थर्मास उघडला. थोरला बॉनेट उघडून पाणी बघत होता, खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. सून आणि धाकटी भिंतीच्या सावलीत कप घेऊन उभ्या राहिल्या.

"वहिनी, तू काहीच बोलत नाहीयेस," धाकटी म्हणाली.

"माझं कोण ऐकतं?"

"दादा ऐकतो."

सुनेने चहात फुंकर घातली. तिला बोलायचं होतं, पण नवऱ्याचं बोलायचं की सासूचं, ते तिचं ठरत नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून थोरला शाळेचा बाहेरचा भाग बघायचा: गाडीची दुरुस्ती, परीक्षेच्या तारखा, मुलांना परीक्षेला नेणं. शिकवायचे मास्तर. मास्तर दवाखान्यात गेले त्या आठवड्यापासून डावीकडच्या सीटवर थोरल्याला बसावं लागलं. आणि तेव्हापासून टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली, तरी जेवणाच्या टेबलाखाली त्याचा उजवा पाय जमिनीत दाबला जायचा. तिच्या पायावर दोनदा पडला होता.

"तुझ्या दादाला शाळा का नकोय, ते तू विचारलंस कधी?"

"त्याला कंटाळा आलाय म्हणाला. वेळ जातो, लोक कमी येतात."

"लोक कमी का येतात?"

सुनेने उरलेला चहा झाडाच्या मुळाशी ओतला. "त्यांनीच सांगितलं पाहिजे ते. मी सांगितलं तर चहाडी होईल."

तेवढ्यात आत्या स्वच्छतागृहाकडून परत आली. "काय कारस्थान चाललंय?"

"तुमचंच, आत्याबाई," सून म्हणाली. "तुम्ही कोणाच्या बाजूला?"

"मी माझ्या भावाच्या बाजूला," आत्या म्हणाली. "तो असता तर बायकोला घाटात चाक दिलं नसतं. विषय संपला."

"बाबांनी दिलं नसतं म्हणून आपणही द्यायचं नाही?" हे धाकटी बोलली, आणि बोलल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं. सकाळी ती दुसऱ्या बाजूला होती.

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "फिरलीस का गं लगेच? एका कपात?"

*

घाटाची पहिली वळणं मोठी होती, सोपी होती. थोरल्याने हात मांडीवर ठेवले होते. शिकवणाऱ्याचा पाय पेडलच्या शेजारी असावा, पेडलवर नसावा. मास्तरांचं हे वाक्य त्याला स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. त्याने टाच चटईवर बाजूला टेकवली आणि ती तिथेच राहील याकडे लक्ष दिलं.

आई बरी चालवत होती. बरी कसली, चांगली. चढाला लागायच्या आधीच गिअर उतरवत होती, वळणाच्या तोंडाशी वेग आपोआप कमी होत होता. त्याच्या हाताखाली कोणी इतकं नीट शिकलं नव्हतं. त्याच्या हाताखाली हल्ली कोणी शिकतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात सायकलवाली एक मुलगी अचानक समोर आली, आणि त्याने ब्रेक दाबला, आणि तो बरोबरच होता. पण त्यानंतर पाय ऐकेनासा झाला. समोर कुत्रं दिसलं की दाबायचा. सिग्नल लांब असला तरी दाबायचा. शिकणारे दचकायचे, गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न मारायचे. चार दिवस असं झालं की माणूस यायचा बंद व्हायचा. शाळा बंद करायची म्हणजे हे कोणाला सांगावं लागणार नाही.

"अहो, जरा खिडकी उघडा. आत्याबाईंना मळमळतंय," मागून बायको म्हणाली.

"मला काही होत नाहीये," आत्या डोळे मिटून म्हणाली. "माझी मी बसलेय."

रस्ता अरुंद झाला. डावीकडे कठडा, त्यापलीकडे झाडांचे शेंडे. मागे एक मालट्रक लागला होता, त्याच्या इंजिनाचा आवाज गाडीच्या काचांत थरथरत होता. पुढे रस्ता एकदम उजवीकडे, वर, स्वतःवरच वळल्यासारखा गेला होता. आई पहिल्या गिअरवर आली. वळणाच्या वरच्या टोकाला एक बस दिसली, खाली उतरणारी, सगळा रस्ता अंगावर घेऊन.

आईला ती दिसली होती. तिने गाडी डाव्या कडेला घेतली होती, जागा होती, हातभर तरी होती. थोरल्याला ते सगळं स्पष्ट दिसलं, एखाद्याला शिकवताना दाखवावं इतकं स्पष्ट. आणि तरी त्याचा पाय गेला.

गाडी थडकल्यासारखी थांबली. इंजिन बंद पडलं. आत्याचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. मागून ट्रकने लांबलचक हॉर्न दिला.

"आई!" धाकटी ओरडली.

"झालं!" आत्या म्हणाली. "मी सकाळपासून सांगतेय. दे त्याला. आता तरी दे चाक."

"आई, पुरे," धाकटी म्हणाली. "पुरे झालं. दादा, तू घे गाडी. आई, तू उतर हळूच, मी दार धरते."

मागे बसलेल्यांना काय दिसलं होतं? आई चालवत होती आणि गाडी बंद पडली. थोरल्याला कळलं की एवढंच दिसलंय. त्याने काही बोलायची गरजही नव्हती. नुसतं दार उघडून पलीकडे जायचं. बस वर थांबली होती, तिचा चालक खिडकीतून हात हलवत होता. उतरायला हवं. पण त्याचा पाय ब्रेकवर घट्ट रोवलेला होता, आणि तो उचलला तर ही पाचही माणसं त्या ट्रकवर जातील असं त्याला वाटत होतं. हँडब्रेक ओढल्याचा करकर आवाज त्याने ऐकला होता. तरीही.

*

आईने हँडब्रेक शेवटपर्यंत ओढला, गिअर काढला आणि त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा लाकडासारखा ताठ होता.

तिला महिनोन्‌महिने माहीत होतं. टेबलापाशी येऊन लोक आधी हवापाण्याचं बोलायचे, मग खाली मान घालून म्हणायचे, बाई, सर गाडी चालवूच देत नाहीत हो. ती त्यांना पाणी द्यायची. त्याआधीच्या कित्येक वर्षांत ती त्याच टेबलावर बशी पालथी घालून, तिच्यावर चमचा तोलून, मास्तरांना विचारायला लाजणाऱ्या बायकांना अर्धा क्लच म्हणजे काय ते समजावत आली होती. चमचा डुलतो ना, तिथे थांबायचं. दाबायचंही नाही, सोडायचंही नाही. बायका बाहेर जाऊन ते करायच्या, आणि मास्तर घरी येऊन सांगायचे, आज अमकीला एकदम जमलं बघ. ती म्हणायची, हो का?

आता मागून दोघी बोलत होत्या, ट्रक ओरडत होता, आणि तिने एवढंच म्हटलं असतं की "मी नाही, यानेच दाबला," तर सगळं तिच्या बाजूने झालं असतं. तिने मुलाकडे वळून, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"गाडी हँडब्रेकवर आहे. ती कुठे जात नाही."

त्याने पाय तसाच दाबून धरला.

"टाच टेकलीय का खाली?"

"नाही."

"टेकव. चवडा असू दे वर. नुसती टाच."

त्याने टाच टेकवली.

"आता चवड्यातलं वजन टाचेत येऊ दे. उचलायचं नाही. येऊ दे. गेली का गाडी मागे?"

"नाही."

"अजून थोडं."

ट्रकवाला खाली उतरून आला होता. त्याने काचेवर टकटक केली, टपावरची पाटी वाचली आणि आत बघून म्हणाला, "आजी, शिकायला हाच रस्ता मिळाला काय?"

"हो," आई म्हणाली. "इथे शिकलेलं विसरत नाही. दोन मिनिटं थांबा, आणि जरा अंतर सोडा मागे."

तो माणूस काही तरी पुटपुटत परत गेला, पण त्याने ट्रक मागे घेतला.

"चवडा बाजूला ने," आई मुलाला म्हणाली. "चटईवर. हं. आता तिथेच असू दे."

पाय बाजूला आला. गाडी जागची हलली नव्हती. थोरल्याने श्वास सोडला, आणि त्या श्वासाचा आवाज मागे सुनेला ऐकू आला.

आईने किल्ली फिरवली. पहिला गिअर. क्लच तिथपर्यंत, जिथे गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं. तिथे थांबली. थोडी रेस दिली, हँडब्रेक सोडला. गाडी मागे केसभरही न सरकता वर चढली. बसवाल्याने जागा दिली. शेजारून जाताना बसमधली दोन मुलं टपावरची पाटी बघून हसली.

वळण पार झाल्यावर कठड्याशी रुंद जागा होती. आईने गाडी तिथे घेतली आणि बंद केली.

*

"निघाली बाई एकदाची," आत्या कपाळ चोळत म्हणाली. "पण आता शब्दाला जाग. बंद पडली म्हणजे पडली."

"बंद पडली तर, असं नव्हती म्हणाली ती," धाकटी म्हणाली. "चाक द्यावं लागलं तर, म्हणाली होती."

"मघाशी तूच उतर म्हणत होतीस तिला!"

"घाबरले होते मी."

"मीही. पण मी बाजू बदलत नाही सारखी."

"मी दाबला होता," थोरला म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"आईची चूक नव्हती. तिने बरोबर घेतली होती गाडी. ब्रेक मी दाबला." तो समोरच्या काचेशी बोलत होता. "रोजच दाबतो. कोणाचीही गाडी पुढे जाऊ देत नाही. म्हणून लोक सोडून जातात. कंटाळा बिंटाळा काही नाही. मला जमत नाही ते. बाबांचं काम मला जमत नाही."

आत्या काही तरी बोलणार होती. सुनेने तिचा हात धरला, जरा घट्टच धरला, आणि आत्या थांबली.

धाकटीने पुढे वाकून दादाच्या खांद्याला हात लावला. तो तिथेच ठेवला. मास्तर गेले त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात याच खांद्याला टेकून ती उभी होती. तेव्हा तो किती खंबीर वाटला होता.

"आई, तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"तुझा पाय सोडवायचा होता आधी," आई म्हणाली. "बोलणं काय, नंतरही होतं."

मग त्याने पट्टा काढला. "मी मागे बसतो. अजून निम्मा घाट आहे. मी इथे बसलो तर परत जाईल पाय."

"मी येते पुढे," धाकटी म्हणाली.

"तुला चालवता येतं?" आईने विचारलं.

"अगं, येतं की! बाबांनीच शिकवलं."

"मग नको. तूही दाबशील."

"मी?" सून म्हणाली.

"तुलाही मास्तरांनीच शिकवलंय. या घरात ज्याला ज्याला गाडी येते तो दाबणार." आईने आरशात पाहिलं. "वन्सं, तुम्ही या पुढे."

"मी?" आत्या दचकली. "अगं बाई, मला ब्रेक कुठला आणि काय कुठलं, काही ठाऊक नाही."

"म्हणूनच."

आत्याने आळीपाळीने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीतरी नाही म्हणेल अशी तिची अपेक्षा असावी. मग ती उतरली, थोरल्याने तिला हात दिला, आणि पुढच्या सीटवर ती दोन्ही पाय वर घेऊन, जेवायला बसावं तशी मांडी घालून बसली.

"काही झालं तरी माझे पाय खाली येणार नाहीत," ती म्हणाली. "पण मी घाबरले तर ओरडणार. ओरडायला तर बंदी नाही?"

"खुशाल ओरडा."

"आणि हे बघ, मी काही तुझ्या बाजूला आलेले नाही."

"नाही, नाही. तुम्ही फक्त डाव्या बाजूला आहात."

सून खळखळून हसली, आणि तिच्या हसण्याने थोरलाही.

गाडी पुन्हा वर निघाली. सूर्य आता कड्याच्या अंगाला आला होता आणि वळणागणिक कधी या काचेतून, कधी त्या काचेतून आत येत होता. आत्या दोनदा ओरडली. तिसऱ्या वळणाला ओरडायची विसरली.

"शिकवायचं म्हणजे परवाना लागेल तुला," थोरला मागून म्हणाला. "परीक्षा असते त्याची. लेखी पण."

"देईन."

"सोपी नसते."

"नसू दे. तू टेबल बघ तोवर. लोक आले की नीट बोल त्यांच्याशी, पाणी विचार."

"मला तुझ्यासारखं गोड नाही बोलता येत."

"शिकशील," आई म्हणाली. "मी शिकवीन."

त्यावर त्याने काही उत्तर दिलं नाही. धाकटीला वाटलं, पुन्हा दुखावला की काय. तिने वळून पाहिलं. त्याचं डोकं बायकोच्या खांद्यावर कलंडलं होतं, तोंड थोडं उघडं होतं. चालत्या गाडीत डोळा मिटणं हे मास्तरांच्या मुलांना कधी जमलं नव्हतं. लहानपणी या रस्त्यावर ती दोघं जागी राहून वळणांवर डोळा ठेवायची. आता तो गाढ झोपला होता, आणि वळणावर गाडी कलली की तोही तिच्याबरोबर मुकाट कलत होता.

"आई," धाकटी हळूच म्हणाली. "दादा झोपलाय."

आईने आरशात पाहिलं. क्षणभरच. पुढे आंधळं वळण होतं, कड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

"हॉर्न नको मारूस," आत्या कुजबुजली. "उठेल गं तो."

"मारावाच लागतो, वन्सं," आई म्हणाली, आणि तिने तळहात ठेवून हॉर्न दिला, चांगला लांब, कड्यावर आपटून परत येईल असा.

थोरला हलला नाही. आईने गिअर उतरवला आणि गाडी वळणात घातली.